नळ नसतो त्या सकाळी

"बाई गं, तुला वेळ कधी मिळतो हे सगळं करायला?"

सोसायटीच्या गणपतीत मी नाण्यांचे प्रयोग केले तेव्हापासून हे ऐकतेय. जिन्यात ऐकलं, भाजीवाल्यापाशी ऐकलं, हळदीकुंकवाला ऐकलं, एकदा तर दवाखान्यात नंबर लावून बसले होते तिथेही ऐकलं. घरी येऊन विचारणाऱ्या असतील तर विचारताना नजर माझ्याकडे नसतेच, माझ्या मागे ओट्याकडे असते, भांडी तशीच पडलीत का बघायला. नवऱ्याला रविवारी अख्खी मॅच बघायला वेळ कुठून मिळतो हे त्याला अजून कोणी विचारलेलं नाही. असो. तो वेगळा विषय.

तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते, म्हणजे पुन्हा जिन्यात थांबायला नको.

आधी माझं एक ठरलेलं उत्तर असायचं. म्हणायचे, अहो वेळ लागतच नाही याला! आणि ते खोटं नव्हतं. नाण्याच्या हातचलाखीचा पाया म्हणजे पाम, म्हणजे नाणं कोणाला न दिसता हातात लपवून धरणं. त्यातला क्लासिक पाम म्हणजे नाणं तळहाताच्या मधोमध ठेवायचं, अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीच्या बाजूची गादी यांच्या अगदी हलक्या दाबाने ते तिथे अडकून राहतं, आणि बोटं मात्र सगळी मोकळी, ढिली राहिली पाहिजेत. हे जमायला आरसा, टेबल, खोली काही लागत नाही. नाणं तळहातात ठेवा आणि पोह्यांचा कांदा चिरा, स्कूटरच्या किल्ल्या शोधा, मोबाईलवर बोला. सुरुवातीला हात आखडतो, नाणं दाणकन पडतं, सासूबाई बाहेरून विचारतात काय पडलं. मग हळूहळू हात बसतो आणि एक दिवस आपल्यालाच आठवत नाही की नाणं आत आहे.

टी. नेल्सन डाउन्स म्हणून एक अमेरिकन होऊन गेला, 1867 चा जन्म, पुढे स्वतःला 'किंग ऑफ कॉइन्स' म्हणवून घ्यायचा. हवेतून नाणी काढून हॅटमध्ये टाकायची, हा त्याचा आयटम. तो स्टेजवर यायच्या आधी रेल्वेत तारबाबू होता, आणि नोकरीतल्या रिकाम्या वेळात नाण्यांवर हात बसवायचा. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. कारण मीही नोकरीतलीच. एका सहकारी बँकेत कॅशवर आहे, कोणत्या ते सांगत नाही.

सुरुवातही कॅशवरच झाली. मधे दहाचं नाणं नकली आहे म्हणून अफवा उठली होती आठवतंय ना, इंदूरात भाजीवाला घेईना, रिक्षावाला घेईना, रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये सांगितलं की 14 च्या 14 डिझाइनची नाणी चालतात तरी लोक घेईनात, आणि मग पिशव्या भरभरून आमच्या काउंटरवर आणून ओतायचे. दिवसभर माझ्या हातात दहाची नाणी. त्यातली चार मी माझ्या पैशांनी बदलून घेतली आणि तीच माझी प्रॅक्टिसची नाणी झाली. 27 मिलिमीटर, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. माझा हात लहान, मला ती बरी पडतात. सगळी पुस्तकं आणि व्हिडिओ अमेरिकन हाफ डॉलर धरून केलेले असतात, तो 30.6 मिलिमीटर, आणि करणारे कोट घातलेले पुरुष. बाही अशी ठेवा, कोटाच्या खिशात असं सोडा. बाईला ना कोट ना खिसा. पण मांडीत नाणं सोडायचं असेल तर साडीसारखी सोय कोटवाल्यांच्या सात पिढ्यांना मिळायची नाही, हेही सांगून ठेवते.

हाफ डॉलरच्या मापाचं नाणं मात्र आमच्या घरातच निघालं. देव्हाऱ्यातला लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रुपया, राणी छाप. साडेअकरा ग्रॅमच्या वर, कडेला बारीक खाचा, त्यामुळे तळहातात असा धरून बसतो की बस. सासूबाईंनी स्वतःहून दिला. म्हणाल्या, खेळ, पण दिवाळीला जागेवर पाहिजे.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता जे सांगते ते जिन्यात सांगता येत नाही.

बँकेत सगळ्यांना माझा हा नाद माहीत होता. महिला दिनाला मी करून दाखवलं होतं, आधी फ्रेंच ड्रॉप, म्हणजे नाणं दुसऱ्या हाताने घेतल्यासारखं करायचं आणि पहिल्यातच ठेवायचं, मग कानामागून नाणं, मग चार नाणी एका हातातून दुसऱ्यात. आणि बोलायला म्हणून एक वाक्य ठेवलं होतं, "रिकामा हात दाखवणाऱ्यावर कधी विश्वास ठेवू नका." टाळ्या पडायच्या त्या वाक्याला. आमच्याकडे एक नवीन मुलगी लागली होती, तिला हौस, तिला मी जेवणाच्या सुट्टीत थोडं शिकवायचेही.

मार्च एन्ड जवळ आलेला, संध्याकाळी कॅश क्लोज करायला बसले तर पाच हजार कमी. पुन्हा मोजलं. मशीनवर मोजलं, हाताने मोजलं, बंडलं सोडून मोजलं. पाच हजार कमीच. कॅश जुळल्याशिवाय कोणाला निघता येत नाही, त्यामुळे सगळे बॅगा अडकवून उभे, घड्याळं बघतायत. त्यात एक जण, वाईट माणूस नाही, उलट चांगलाच आहे, तो म्हणाला, "मॅडम से पूछो ना, इनके हाथ में पूरा खजाना समा जाए और दिखे भी नहीं." सगळे हसले. मीही हसले.

आणि हसता हसता मी दोन्ही हात काउंटरवर उघडे करून दाखवले. का दाखवले? सवयीने. स्टेजवर दाखवतो तसे.

त्या मुलीने माझं मनगट धरलं आणि हात उलटा केला. मागची बाजू बघितली, परत सरळ केला, मग दुसरा. हे तिला मीच शिकवलं होतं, की हात दोन्ही बाजूंनी बघायचा, बोटांच्या फटी बघायच्या. ती थट्टेनेच करत होती, चेहऱ्यावर हसू होतं. पण हसणं बाकीच्यांचं थांबलं होतं, आणि सगळे माझ्या हातांकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडे दाखवायला दुसरं काहीच नाही. दुसऱ्या कोणाचा हात रिकामा दिसला तर तो रिकामा असतो. माझा नाही. आणि हे त्यांना पटवून द्यायला मीच मेहनत घेतली होती.

मग साहेब म्हणाले, पर्स एकदा बघून घेऊ, फॉर्मॅलिटी. बघा म्हटलं. चार दहाची नाणी निघाली, ती रोज सकाळी पर्सनल कॅशच्या रजिस्टरला मी लिहायचे, त्यामुळे ठीक. आणि निघाला राणी छाप. तो कुठे लिहिणार, त्याची किंमत काय लिहिणार? "हे काय?" साहेब तो तळहातावर घेऊन जोखत होते आणि मी सात-आठ माणसांसमोर सांगत होते की हा सासूबाईंचा, लक्ष्मीपूजनाचा, याची कड खाचांची आहे म्हणून पाम चांगला बसतो. शेवटी माझ्या खात्यातून पाच हजार काढून कॅश जुळवली आणि सगळे घरी गेले.

माझी बाजू सांगते. नाणं लपवणं वेगळं, नोटा लपवणं वेगळं. पाचशेची नोट 150 मिलिमीटर लांब असते. तशा दहा नोटा माझ्या हातात, भर काउंटरवर, वर कॅमेरा असताना? त्या रात्री झोप येईना तेव्हा हेच मनात घोळत होतं, इतकं की उठले, कपाटातून नोटा काढल्या आणि घडी घालून बघितलं. दोनदा घडी घातली की मावतात. थोडा फुगवटा येतो, पण मावतात. तेव्हा नोटा परत ठेवल्या आणि बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी व्हाउचर तपासताना सापडलं. विड्रॉवलची एक स्लिप दुसरीला मागून चिकटली होती, पेमेंट झालं होतं आणि एन्ट्री पडलीच नव्हती. पैसे परत मिळाले. कचोऱ्या मागवल्या. साहेब म्हणाले, मॅडम, मनावर घेऊ नका, सिस्टीम आहे. खरंय, सिस्टीम आहे. त्यांच्या खुर्चीत मी असते आणि समोर नाण्यांचे खेळ करणारी कॅशियर असती तर मी पर्स बघितली नसती का? कधी वाटतं नसती. कधी वाटतं आधी तिचीच बघितली असती.

तर आता वेळेचं. पूर्वी मला वेळ लागत नव्हता कारण नाणं दिवसभर हातात असायचं. त्या दिवसानंतर ते बँकेत हातात घेतलं नाही. मग बँकेबाहेर पोह्याच्या टपरीवर घेताना आजूबाजूला बघायला लागले. मग नातेवाइकांत बंद. जे चालता-बोलता व्हायचं त्याला आता दार लावून बसावं लागतं, आणि दार लावायचं तर वेळ काढावा लागतो. तुमचा प्रश्न हा आत्ता कुठे लागू पडतो. चार-पाच वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर हसण्यावारी नेलं असतं.

वेळ मिळतो तो नळ नसतो त्या सकाळी. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटेपासून टाकी, बादल्या, मोटर, कोणाला काही सुचत नाही. पण मधल्या दिवशीही माझी झोप त्याच वेळेला उघडते, आणि घर उठायच्या आधी अर्धा-पाऊण तास हाती लागतो. तेवढाच.

आणि खरं सांगायचं तर, दार लावून बसायला लागले तेव्हा कळलं की "वेळ लागत नाही" म्हणणारी मी जरा जास्तच शहाणी होते. कांदा चिरताना पाम बसतो, पण रिटेन्शन बसत नाही. त्यात नाणं एका हातातून दुसऱ्यात दिल्यासारखं करायचं असतं, आणि मूठ बंद होईपर्यंत ते बघणाऱ्याच्या डोळ्यात चमकत राहिलं पाहिजे, प्रत्यक्षात ते तिथे गेलेलं नसलं तरी. हे आरशासमोर करायला गेले तर मजा बघा, नेमक्या त्या क्षणी माझीच पापणी मिटायची. म्हणजे बाकी कोण फसतंय माहीत नाही, मी स्वतःला रोज फसवत होते. ही खोड पुष्कळ जणांना लागते म्हणे. शेवटी मुलीचा जुना मोबाईल डब्यांना टेकवून व्हिडिओ काढायला लागले, तेव्हा कळलं हात किती कच्चा आहे.

मग ते कॅशवरचं सगळं फुकट होतं का? नाही हो. त्यानेच हात तयार झाला. पण मग बंद खोलीतलं काम आधीच करायला हवं होतं का? त्यासाठी आधी कोणीतरी माझी पर्स उघडायला हवी होती का? हे म्हणायला जीभ वळत नाही. नवरा म्हणतो तू उगाच लपतेस, सगळे विसरले. विसरले असतील. ती मुलगी मात्र अजून भेटली की माझा हात हातात घेते, प्रेमानेच, आणि मी आधी तिचा अंगठा कुठे आहे ते बघते.

या वर्षीही गणपतीत करणार का म्हणून विचारलंय सोसायटीने. हो म्हटलंय. बँकेतल्यांना बोलवायचं की नाही ते ठरवलेलं नाही, आणि ते रिकाम्या हाताचं वाक्य ठेवायचं की काढायचं तेही नाही. सध्या अडचण दुसरीच आहे. रिटेन्शन समोरून चांगलं दिसतंय, पण डावीकडे बसलेल्याला नाणं अजून दिसतं.