कॉलर माइकचा ट्रान्समीटर लावताना: माझा अनुभव

आमच्या नाट्यगटाच्या प्रयोगाला चार कॉलर माइक आणि दोन हँडमाइक लागणार होते आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. माइकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर मला ठाऊक होता, पण वायरलेस पहिल्यांदाच हाताळत होतो. वायरच्या माइकमध्ये वायर धड असली की आवाज येणारच. इथे वायरच्या जागी हवा आहे, आणि त्या हवेत टीव्हीची प्रक्षेपणं, मोबाइल, एलईडी पडदे आणि शेजारच्या कार्यक्रमाचे माइक असे सगळे असतात. म्हणून कमरेला लावायची ती लहानशी डबी, म्हणजे माइकचा आवाज रेडिओने पाठवणारा ट्रान्समीटर किंवा बॉडीपॅक, आधी नीट समजून घ्यायची असं ठरवलं.

सुरुवात मागच्या लेबलापासून केली. हा सेट कोणत्या पट्ट्यात, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या कोणत्या मर्यादेत, चालतो ते त्यावर मेगाहर्ट्‌झमध्ये छापलेलं असतं. ट्रान्समीटर आणि त्याचा सिग्नल पकडून मिक्सरला देणारा रिसीव्हर एकाच पट्ट्याचे नसतील तर बाकी काहीही केलं तरी ते जुळत नाहीत, मग भले दोन्ही एकाच कंपनीचे आणि दिसायला सारखे असोत. शिवाय कोणता पट्टा वापरायला परवानगी आहे हे प्रत्येक देश ठरवतो आणि ते बदलतं. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा मोठा भाग मोबाइल सेवेकडे गेला आणि १३ जुलै २०२० नंतर ६१७ ते ६५२ आणि ६६३ ते ६९८ मेगाहर्ट्‌झमध्ये वायरलेस माइक चालवणं तिथे बेकायदा ठरलं. जुना सेट विकत घेताना हे लेबल सगळ्यात आधी पाहावं, कारण उत्तम चालणारा सेटही वापरता येणार नाही असा निघू शकतो.

मग फ्रिक्वेन्सी निवडायची. रिसीव्हरमध्ये स्कॅनची सोय होती. स्कॅन करताना आपले सगळे ट्रान्समीटर बंद हवेत, नाहीतर रिसीव्हर त्यांनाच परका सिग्नल समजतो. उलट प्रयोगात जे जे चालू असणार ते सगळं तेव्हाही चालू हवं. मी लाइट आणि मागचा एलईडी पडदा लावून घेतला, मगच स्कॅनचं बटण दाबलं. पडदा चालू होताच काही चॅनेल गढूळ झालेले मीटरवर दिसले.

सहा मोकळ्या फ्रिक्वेन्सी सापडल्या म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. पण दोन ट्रान्समीटर जवळजवळ चालू असले की त्यांच्या मिश्रणातून नवे सिग्नल तयार होतात. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात, आणि त्याचं गणित कागदावर मांडता येतं: एका फ्रिक्वेन्सीची दुप्पट करायची आणि त्यातून दुसरी वजा करायची. एक माइक ५२०.० वर आणि दुसरा ५२०.४ वर असेल तर ५१९.६ आणि ५२०.८ वर दोन भुतं उभी राहतात. तिसरा माइक नेमका ५२०.८ वर ठेवला तर तो त्यातल्या एकावरच बसला! म्हणजे सारखं अंतर सोडून ओळीने फ्रिक्वेन्सी देणं हीच सर्वात वाईट मांडणी. हे कळल्यावर मला फार आनंद झाला, कारण ‘कधी कधी उगाच खरखर येते’ या तक्रारीमागे इतकं साधं गणित असू शकतं. हा हिशेब कंपनीने आधीच करून ठेवलेला असतो. मेनूत ‘ग्रुप’ आणि ‘चॅनेल’ दिसतात, त्यातल्या एका ग्रुपमधले चॅनेल एकमेकांना त्रास देणार नाहीत असे निवडलेले असतात. सगळे माइक एकाच ग्रुपमधून घेतले की निम्मी काळजी मिटते.

फ्रिक्वेन्सी ट्रान्समीटरवर चढवणं सोपं होतं. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर दोघांच्या इन्फ्रारेड खिडक्या समोरासमोर धरून सिंकचं, म्हणजे जुळवणीचं, बटण दाबायचं. एका वेळी एकच ट्रान्समीटर चालू ठेवला. सिंक झाला की लगेच नाव लिहिलेली चिकटपट्टी दोन्हीकडे लावली. पॉवर कमी-जास्त करता येत होती, मी कमी ठेवली. रंगमंच लहान होता, आणि अनेक ट्रान्समीटर जवळ असताना जास्त पॉवर म्हणजे ती भुतंही जास्त बळकट.

आता गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घेताना तो किती वाढवायचा ते. या सगळ्यात मला कशाबद्दल मनापासून सांगायचं असेल तर ते याच्याबद्दल. आवाज सर्वात आधी ट्रान्समीटरच्या गेनमधून जातो. तिथे तो फुटला तर मिक्सरवर फेडर, म्हणजे आवाजाची सरकती खुंटी, खाली ओढून काही उपयोग नाही, फुटलेला आवाज फक्त हळू ऐकू येतो. आणि गेन फार कमी ठेवला तर मिक्सरवर आवाज वाढवताना त्याच्यासोबत ‘हिस्स’ असा गोंगाटही वाढतो. म्हणून नटाला ‘हॅलो, माइक चेक’ म्हणायला सांगणं पुरत नाही. त्याला नाटकातलं सर्वात मोठ्याने म्हणायचं वाक्य, त्याच तावात, म्हणायला लावलं. आवाज फुटायला आला की लागणारा पीकचा लाल दिवा सर्वात वरच्या शब्दालाही लागू नये आणि नेहमीच्या बोलण्याला मीटर मध्याच्या थोडा वर राहावा, इथे मी थांबलो. चौघांचे आकडे चार वेगळे आले. हळू बोलणाऱ्या मुलीचा गेन रागीट बापाचं काम करणाऱ्याहून बराच वर होता. मेनूतल्या आकड्याची दिशाही पाहून घ्यावी. काही सेटमध्ये आकडा वाढला की गेन वाढतो. काहींमध्ये शून्य म्हणजे सर्वात संवेदनशील आणि उणे तीस म्हणजे त्याहून कितीतरी कमी.

रिसीव्हरचा आउटपुट माइक लेव्हलचा (कमजोर) आहे की लाइन लेव्हलचा (जोरकस) हेही तेव्हाच पाहिलं आणि त्या चॅनेलचा ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे मिक्सरकडून माइकला जाणारा विद्युतपुरवठा, बंद केला. कॉलर माइकला लागणारा थोडासा व्होल्टेज ट्रान्समीटरच देतो, मिक्सरकडून त्याला काही नको असतं. याच कारणाने एका कंपनीचा कॉलर माइक दुसऱ्या कंपनीच्या डबीला लावताना जपावं. पिन बसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.

डबी अंगावर लावणं मला सर्वात अवघड गेलं, कारण इथे यंत्र संपतं आणि माणूस सुरू होतो. ५०० मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी ६० सेंटीमीटर, म्हणून अँटेना तिच्या चौथ्या भागाइतकी, सुमारे १५ सेंटीमीटर. ती सरळ राहिली तरच नीट काम करते. दुमडून खिशात कोंबली किंवा माइकच्या वायरसोबत गुंडाळली की सिग्नल पडतो. शरीरात पाणी भरपूर असतं आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे घामेजल्या त्वचेला चिकटलेली अँटेना हे आवाज तुटण्याचं नेहमीचं कारण. आम्ही डबी कापडी पट्ट्यात घालून कमरेला बांधली आणि अँटेना कपड्यांच्या थरांमध्ये मोकळी सोडली. प्रत्येकाला आधीच विचारलं की बसताना, वाकताना, पडताना कुठे टोचेल. नटाला डबीची आठवण होत राहिली तर ते त्याच्या अभिनयात दिसतं.

माइक हनुवटीखाली साधारण एक वीत, छातीच्या मध्यावर. वायरचा एक सैल वेढा क्लिपमध्ये अडकवला, म्हणजे ओढ बसली तरी माइकपर्यंत पोहोचत नाही. कडक इस्त्रीच्या आणि सळसळणाऱ्या कापडाचा आवाज माइकला शब्दांपेक्षा जास्त ऐकू जातो, म्हणून दोन जणांचे कपडे बदलून मागितले. वेशभूषा करणाऱ्या ताईंनी आनंदाने बदलून दिले.

बॅटरीच्या बाबतीत मी काटकसर करत नाही. प्रत्येक प्रयोगाआधी ताजी. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा आणि हळूहळू उतरणारा. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचा, बराच वेळ टिकून शेवटी एकदम कोसळणारा. मेनूत प्रकार बरोबर निवडला नाही तर पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघा खोटं बोलतात.

मग चालून पाहणं. सगळे ट्रान्समीटर चालू करून ते टेबलावर एकत्र न ठेवता नटांच्या अंगावरच ठेवले आणि त्यांना विंगेत, कोपऱ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून चालायला सांगितलं. रिसीव्हरवर दोन मीटर असतात, एक रेडिओ सिग्नलचा आणि एक आवाजाचा. मी पहिल्याकडे पाहत होतो. डावीकडच्या विंगेत तो दर वेळी पडत होता, कारण रिसीव्हर लोखंडी कपाटामागे होता. रिसीव्हरच्या अँटेना माणसांच्या डोक्याच्या वर, रंगमंच दिसेल अशा उंचीवर नेल्या आणि तो भाग भरून निघाला.

प्रत्यक्ष प्रयोगात ट्रान्समीटरचं बटण कुणीही दाबायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून बटणं लॉक केली होती. चालू-बंद सगळं मिक्सरवरून. दुसऱ्या अंकात एका नटाचा आवाज तुटायला लागला. सिग्नलचा मीटर भरलेला आणि आवाजाचा मीटर मात्र मध्येच शून्यावर, म्हणजे हवेचा दोष नव्हता. माइकची वायर पिनपाशी तुटत आली होती. तो चॅनेल मिक्सरवर बंद केला, पुढच्या प्रवेशाआधी विंगेत डबी तीच ठेवून फक्त माइक बदलला आणि नट रंगमंचावर गेल्यावर फेडर वर घेतला. ते दोन मीटर वेगवेगळे वाचता आले नसते तर मी फ्रिक्वेन्सी बदलत बसलो असतो.

हँडमाइक सूत्रधारांकडे होते. त्यांना एवढंच सांगितलं की जाळी मुठीत धरू नका, शिट्टी वाजते, आणि खालचं टोक झाकू नका, तिथे अँटेना आहे.

प्रयोग संपल्यावर बॅटऱ्या काढल्या, माइक कोरड्या कापडाने पुसले, तुटलेल्या वायरला लाल पट्टी लावून वेगळी ठेवली आणि चौघांच्या गेनचे आकडे वहीत उतरवून घेतले. फ्रिक्वेन्सी मात्र लिहिल्या नाहीत. पुढचा प्रयोग दुसऱ्या सभागृहात होता आणि तिथे स्कॅन नव्यानेच करायचं होतं.