घागर, भाता आणि वारं

यंदा गणपतीच्या आधी बाबांची पेटी उघडली. काळी चारचा सा धरला की अर्ध्यातच विरून जायचा, म्हणजे भाता गळत होता. बाबा असते तर त्यांनी आधी डोळे मिटले असते. तळहात ओला करून ते भात्याच्या घडीघडीवरून फिरवायचे. जिथे गार लागेल तिथे चीर. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक असायची. मीही तसंच केलं. डाव्या कोपऱ्यात, कातड्याच्या जुन्या पट्टीखाली, गार लागलं.

बाबा गिरगावात पेट्या दुरुस्त करायचे. चाळीतल्या आमच्या खोलीबाहेर, गॅलरीत, बाकडं टाकून. चौपाटी चालत पाच मिनिटांवर. दुपार झाली की समुद्रावरून खारे वारे यायचे आणि बाबा उघड्या पेट्यांवर जुनी चादर टाकायचे, कारण त्या हवेने पितळी रीड कळकतात आणि स्प्रिंगा गंजतात. "हाच वाजवतो आणि हाच खातो," असं ते वाऱ्याबद्दल म्हणायचे. अंधार पडल्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सुरू झाले की चादर निघायची. शाळेत हे दोन शब्द भूगोलात आले तेव्हा मला नवीन वाटले नाहीत.

भाता हा शब्द संस्कृत 'भस्त्रा'वरून आला. भागवताच्या दुसऱ्या स्कंधात शौनक विचारतात: झाडं जगत नाहीत का, आणि भाते श्वास घेत नाहीत का? म्हणजे नुसता श्वास चालू असणं हे जगणं नव्हे. भाते शिवणाऱ्याच्या मुलीला हे वाक्य जरा लागतंच. बाबांच्या हाताखालचा भाता श्वास घ्यायचा तेव्हा कोणीतरी बोलू लागायचं, हे मी पाहिलेलं आहे.

पण हे सगळं लिहायला बसले ती आत्यामुळे.

आत्याला अष्टमीला वारं यायचं. नवरात्रातल्या अष्टमीला आमच्याकडे महालक्ष्मी असते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून तिला उभी करतात, लग्नानंतर पाच वर्षं नव्या सुना तिला पुजतात आणि रात्री तिच्यापुढे घागरी फुंकतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: रिकामी घागर धुपाच्या धुरावर धरायची, दोन्ही हातांनी तोंडाशी आणायची आणि तिच्या काठावरून फुंकर घालत फेर धरायचा. हूं… हूं… असा खोल आवाज येतो. दहा-बारा बायका एका तालात फुंकायला लागल्या की फरशीतून तो पायांत चढतो. मग एखादीचा ताल सुटतो. तिची घागर वेगळीच घुमायला लागते, अंबाडा सुटतो, आणि बाकीच्या बायका बाजूला होऊन म्हणतात, "वारं आलं."

आत्याचं वारं शांत होतं. ती ओरडायची नाही. घागर छातीशी धरून डुलत राहायची आणि विचारलं त्याचं उत्तर एका-दोन शब्दांत द्यायची. मी आठ वर्षांची होते आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू आम्ही कधी भेटलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी तिनेच माझी वेणी घातली.

पेटीच्या घरात वाढल्यामुळे मला घागरीचं कोडं लवकर सुटलं. वाजतं ते पितळ किंवा तांबं नव्हे. काठावरून फुंकर गेली की घागरीच्या पोटातली हवा दाबली जाते, पुन्हा फुगते, पुन्हा दाबली जाते, आणि तिचाच तो आवाज. आत पोकळी आणि एक अरुंद तोंड, एवढं पुरतं.

मराठीची एक गंमत मला फार थोर वाटते. बाहेर वाहतो तो वारा. अंगात येतं ते वारं. 'वारं सुटलं' असं आपण बाहेरच्यालाही म्हणतो, पण अंगात आलेल्याला 'वारा' कधीच म्हणत नाही. पुल्लिंगी वारा उंबरा ओलांडून माणसात शिरला की नपुंसकलिंगी होतो. कानात वारं शिरलेलं वासरू आपल्याकडे उधळतं, आणि बाळंतिणीच्या कानाला फडकं बांधतात ते वारं लागू नये म्हणून. कान हे दार आहे, हे कोणी शिकवलं नाही तरी घराघरात ठाऊक आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाताचं, म्हणजे वाऱ्याचं, एक छोटं सूक्त आहे, १६८ वं, फक्त चार ऋचांचं. त्यात विचारलंय: हा कुठे जन्मला, कुठून आला? आणि शेवटच्या ऋचेत म्हटलंय की याचे घोष तेवढे ऐकू येतात, रूप दिसत नाही. त्याच ऋचेत तो देवांचा आत्मा आहे. मला ही पेटीवाल्याची भाषा वाटते.

पण माझं खरं मन अडकलंय ते बृहदारण्यक उपनिषदात, तिसऱ्या अध्यायातल्या सातव्या ब्राह्मणात. जनकाच्या यज्ञात उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला विचारतो, ज्यात हे जग, ते जग आणि सगळे जीव ओवलेले आहेत ते सूत्र, तो दोरा, तुला माहीत आहे का? याज्ञवल्क्य सांगतो, वायू हेच ते सूत्र. म्हणून तर मेलेल्या माणसाबद्दल म्हणतात की याचे अवयव सैल पडले. दोरा निघाला की मणी सुटतात तसे. वायूबद्दल बोलताना हे उत्तर सगळे सांगतात. प्रश्न कुठून आला ते मात्र कोणी सांगत नाही. उद्दालक सांगतो: आम्ही मद्र देशात पतंचल काप्याच्या घरी शिकायला राहिलो होतो. त्याच्या बायकोला गंधर्वाने धरलं होतं. आम्ही विचारलं, तू कोण? तो म्हणाला, कबंध आथर्वण. आणि त्यानेच आम्हा सगळ्यांना या सूत्राबद्दल विचारलं.

म्हणजे जगाला ओवणाऱ्या वाऱ्याचा प्रश्न एका अशा बाईच्या तोंडून आला जिच्या अंगात वारं होतं. गंधर्वाचं नाव ग्रंथात आहे, नवऱ्याचं आहे. तिचं नाही. शिष्य गंधर्वाशी बोलले. तिला कोणी काही विचारल्याचं तिथे लिहिलेलं नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ती दुसऱ्या दिवशी उठून कोणासाठी चूल पेटवायला बसली असेल?

अवयव सैल पडतात हे खरं आहे. २०१९ मध्ये बाबा गेले तेव्हा त्यांचा उजवा हात माझ्या हातात होता आणि पट्ट्यांवर सदा वाकलेली त्यांची बोटं उलगडली. पण वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात उलटं आहे. इंद्राने बाळ हनुमानाला वज्र मारलं तेव्हा वायू मुलाला घेऊन गुहेत जाऊन बसला, वाहायचा थांबला आणि सगळी प्राणिमात्रं लाकडासारखी झाली. सैल की लाकूड? दोन्ही. आधी सैल, मग काही तासांनी लाकूड. दोन्ही ग्रंथांतल्या माणसांनी कोणाच्या तरी उशाशी रात्र काढली असली पाहिजे.

बाबांकडे माझगावच्या एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, आजी पेटी घेऊन यायच्या. त्यांच्या समाजात मराठीतून कीर्तनं करायची पद्धत १८८० च्या सुमारास पडली, त्यातलीच त्यांच्या घरची ती पेटी होती. हिब्रूत वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींना एकच शब्द आहे, रुआख, हे मला त्यांनी सांगितलं. सृष्टीच्या आरंभी पाण्यावर जे तरंगत होतं तेही रुआख. एलियाहू हानबी या संदेष्ट्याची गोष्टही त्यांचीच. तो डोंगरावर उभा होता, डोंगर फोडणारा वारा आला, पण देव त्या वाऱ्यात नव्हता. भूकंपात नव्हता, अग्नीत नव्हता. मग अगदी बारीक, जवळजवळ शांततेसारखा आवाज आला. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की त्या दिवशी त्यांनी मजुरी घेतली नाही.

अरबीतही रूह आणि रीह, आत्मा आणि वारा, एकाच धातूचे. ग्रीकांच्या 'प्न्यूमा'तही वारा, श्वास आणि आत्मा एकत्रच. ही यादी लांबवता येईल, पण मला आपल्या घरी परत यायचंय. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी वर चढत जाते, आणि एका टप्प्यावर माउली सांगतात की आता तिचं कुंडलिनी हे नावच जातं, तिला मारुत, म्हणजे वाराच, म्हणायचं. शिवाला मिळेपर्यंत शक्तिपण मात्र राहतंच. नाव जातं! त्या मद्र देशातल्या बाईची आठवण मला इथे पुन्हा येते, आणि जरा बरंही वाटतं.

आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षी अष्टमीला गिरगावातल्या हॉलमध्ये तिला घेऊन गेले. पाऊस परतला होता, हवा थांबलेली, पंख्याखालीही घाम. गुडघ्यांमुळे तिला फेर धरता येत नाही. खुर्चीवर बसून तिने घागर तोंडाशी धरली, चार-पाच वेळा फुंकली आणि खाली ठेवली. वारं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्नी रोडहून बोरिवली लोकल पकडली. माझी लेक फिजिओथेरपी शिकते. तिने आजीला नीट समजावलं, की भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. आत्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं. "होय, मुंग्या येतात," म्हणाली. "बरोबर सांगतेस."

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. "आत्या, तुला स्वतःला काय व्हायचं गं?"

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. माटुंगा रोड गेलं.

"आधी कानामागे गार लागायचं," ती म्हणाली. "एवढंच माझं. पुढचं तुम्ही पाहिलंत."

माहीम सुटलं आणि खाडीवर वारा डब्यात घुसला. लेक खिडकी लावायला उठली, तर आत्याने तिला हाताने थांबवलं. पदर दोन्ही कानांवरून घेतला, आणि वांद्रं येईपर्यंत त्यावर तळहात दाबून बसून राहिली.