नोटिशीत दहा, खाडीत ओहोटी

ग्रामपंचायतीच्या नोटिशीवर वेळ होती सकाळी दहाची. मी पोचले तेव्हा सभागृहात अंगणवाडीसेविका, मदतनीस, आशाताई, आमच्या सीआरपी (बचत गटांसाठी काम करणारी गावातलीच कार्यकर्ती) आणि भिंतीला टेकून बसलेल्या दोन आजी, एवढ्याच जणी होत्या. 1 मेच्या ग्रामसभेआधीची महिला सभा होती. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या मतदार बायकांची स्वतंत्र सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. गावाने कशावर पैसा खर्चावा, हे बायकांना तिथे सांगता येतं. प्रत्यक्षात काही गावांत रजिस्टर घरोघर फिरतं, चुलीपुढे सह्या होतात आणि सभा झाली असं कागदावर लागतं. मला याची मनापासून चीड आहे.

मी उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात प्रभाग समन्वयक म्हणून काम करते. वेंगुर्ले तालुक्यातली खाडीकाठची काही गावं माझ्याकडे आहेत. बचत गटांच्या बैठका, बँकेची प्रकरणं, ग्रामसंघाचे हिशोब, आणि गटांनी मिळून केलेला गावाचा गरिबी निवारण आराखडा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जातोय ना हे बघणं. त्या दिवशी मी या शेवटच्या कामासाठी गेले होते.

सव्वादहा वाजले. ज्या गटाच्या मागण्या आराखड्यात सगळ्यात वर होत्या, त्या गटातली एकही बाई आली नव्हती. शिपाई रजिस्टर काखेत मारून उभा राहिला. "मॅडम, एक फेरी मारून येतो, सह्या होतील." तेवढ्यात आमच्या सीआरपीचा फोन वाजला. पलीकडून त्याच गटातल्या काकींचा आवाज, मागे पाण्याचा आणि कोयत्या आपटल्याचा. "आज चवथ. ओहोटी काय तुमच्या नोटिशीसाठी थांबतली? आमी खाडयेत आसंव. अकराक येतंव."

किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. भरती दुपारी तीनला, तर तळ ओहोटी सहा तास आधी, नऊच्या सुमाराला. पाणी उतरायला लागलं की कालवंवाल्या बायका साडेसातलाच खडपांवर, म्हणजे खाडीतल्या खडकांवर जातात आणि पाणी चढेपर्यंत मागे फिरत नाहीत. त्यातून पुनव-अवसेनंतरचे हे चार दिवस पाणी चांगलं खाली जातं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, खडप नीट उघडंच पडत नाही, म्हणून हे दिवस कुणी सोडत नाही. सभेची वेळ ठरवताना कार्यालयातल्या कॅलेंडरात तारीख बघितली होती, त्याच चौकोनात छापलेली तिथी कुणी बघितली नव्हती.

सरपंच सत्तावीस वर्षांची. लग्नाआधी गोव्यात औषध कंपनीत नोकरीला होती, रोज पहाटेच्या बसने जायची. सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि घरच्यांनी तिला उभं केलं. एरवी तिचे सासरे शेजारच्या खुर्चीत असतात आणि प्रश्न तिला विचारला तरी उत्तर तेच देतात. महिला सभेत त्यांना बसता येत नव्हतं. ग्रामपंचायत अधिकारी (लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात) म्हणाले, "नोटीस दहाची आहे, वेळ बदलता येणार नाही." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वेळ बदलत नाही. सभा दहाला सुरू झाली असं लिहा. संपली असं मी सांगेपर्यंत लिहू नका." रजिस्टर टेबलावर आलं आणि शिपाई चहा सांगायला गेला.

सव्वाअकराला त्या आल्या. गुडघ्यापर्यंत भिजलेली लुगडी, कासोटा तसाच, हातांवर कालवांच्या धारेचे ओरखडे. पाट्या व्हरांड्यात उतरवून त्यांवर ओला किलतान टाकला आणि आत येऊन पहिल्या रांगेत बसल्या. मागोमाग इतर वाड्यांतल्या बायकाही आल्या. खाडीवाल्या आल्यात हे कळल्यावर त्यांनाही यावंसं वाटलं असावं.

या गटाबद्दल सांगायला हवं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायकांनी 2017 च्या सुमारास कांदळवन सफर सुरू केली, आणि बायका वल्ही मारून पर्यटकांना खाडी दाखवतात हे जिल्ह्याने पहिल्यांदा पाहिलं. ते बघून या बायकांनीही होड्या घ्यायचं ठरवलं. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत गटाला 90 टक्के अनुदान मिळतं आणि 10 टक्के स्वतःचे घालावे लागतात. ते त्यांनी बचतीतून घातले. वल्ही मारायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. शिकवावं लागलं ते बोलायला. सुरुवातीला काकी पुण्या-मुंबईच्या माणसांसमोर पाण्याकडे बघत गप्प वल्हवायच्या. आज त्याच काकी होडी कांदळाच्या फांदीखाली नेऊन लोंबती शेंग हातात धरतात. बी झाडावर असतानाच रुजतं आणि मग रोप भाल्यासारखं चिखलात उभं रुततं, हे सांगतात. तिवराची चिखलातून वर आलेली मुळं श्वास कसा घेतात ते दाखवतात. पांढऱ्या चिपीला 2020 मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष ठरवलं, हेही सांगतात. शिक्षण चौथी.

बायकांसाठी कौशल्य म्हटलं की आपल्याकडे शिवण क्लास, पापड, लोणची, अगरबत्ती एवढंच डोळ्यांपुढे येतं. पापड-लोणच्याला माझा विरोध नाही, त्यावर घरं चाललेली मी पाहिली आहेत. पण जी बाई अंधारात पाण्याचा रंग बघून खोली सांगते, तिला टाके घालायला बसवण्याआधी तिला काय येतं ते एकदा विचारावं. त्या दिवशीही तसंच झालं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवावे लागतात. त्यातून दरवर्षीप्रमाणे शिवणयंत्रं, असा विषय वाचला गेला.

काकी उठल्या. "मशिनी आसत घरात. जेटीर संडास नाय. चार चार तास होडयेत आसतंव, पाणी पिऊक भितंव." सभागृहात कुणी हललं नाही. हे प्रत्येकीला माहीत होतं, आणि एकीनेही आजवर रजिस्टरात लिहून घेतलं नव्हतं. मग त्या थांबल्या नाहीत. जेटीजवळ कालवं फोडायला शेड हवी, कारण भर उन्हात गर टिकत नाही. त्यात नळ हवा. पैसा कमी पडला तर संडास यंदा, शेड पुढल्या वर्षी, हा क्रमही त्यांनीच लावून दिला. मी बायकांसाठी नेतृत्वाची शिबिरं पुष्कळ घेतली आहेत, पुढेही घेईन. पण काकींचा तो ठाम आवाज शिबिरात तयार झालेला नव्हता. होडीतल्या अनोळखी माणसांना खाडी समजावून सांगताना तो तयार झाला होता, आणि संध्याकाळी पैसे मोजून वाटणी करताना पक्का झाला होता.

खरा अवघड विषय शेवटी आला. गावातल्या काही तरुणांना जेटीवरून यांत्रिक बोटी आणि जेट स्की सुरू करायच्या होत्या. मेरीटाइम बोर्डाच्या परवानगीसाठी त्यांना ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता. काकींनी त्या पोरांना मुद्दाम बोलावून व्हरांड्यात, पाट्यांशेजारी बसवलं होतं. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर जन्मलेली ही मुलं. तरी बरीचशी सकाळी दुचाकी काढून गोव्याला कंत्राटी कामाला जातात. त्यांच्या मागणीत चूक काहीच नव्हतं. बायकांची भीतीही खरी होती. यंत्राच्या लाटेत वल्ह्याची होडी डुचमळते, तेल सांडलं तर कालवांना वास लागतो, आणि पक्षी उडून गेले की सफरीत दाखवायचं काय?

मला वाटलं आता भांडण पेटणार. काकी दारात जाऊन उभ्या राहिल्या. "पोरांनो, तुमका काम होया, ता माका समजता. माझो झील पण गोव्याकच जाता. पण खडपार मशीन इला तर कालव रवाचा नाय." मग म्हणाल्या, खाडीच्या मुखाच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला तुमच्या बोटी. आत खाडीत फक्त वल्ही.

एक मुलगा म्हणाला, मुखाबाहेर पावसाच्या तोंडावर धंदा आधी बंद होतो, नुकसान आमचंच. हे खरं होतं. बराच वेळ बोलणं झालं. सरपंचाने मध्येच विचारलं, जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेतलेलं गावात कुणी आहे का? एकही नव्हता. पर्यटक वाढल्यावर बायकांच्या होड्यांनाही तसा माणूस लागणारच होता. शेवटी ठरलं ते असं: ग्रामपंचायतीने दोन मुलांच्या जीवरक्षक प्रशिक्षणाची मागणी आराखड्यात घालायची, परत आल्यावर हंगामात गटाने त्यांना रोजावर ठेवायचं, आणि ना हरकत दाखल्यात खाडीच्या मुखाची हद्द लिहायची. त्यांतल्या एका जागेवर मुलगी जाऊ शकते का, हे आमच्या सीआरपीने विचारलं. जाऊ शकते, असं लिहून घेतलं. सभा संपली तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि बायका कालवं फोडायला धावल्या.

दुसऱ्या दिवशीची ग्रामसभा एवढी सरळ गेली नाही. सासरे शेजारच्या खुर्चीत होते. संडासाचा ठराव झाला. महिला सभेची वेळ तिथी बघून ठरवायची, हाही झाला, त्यावर थोडं हसू झालं तरी झाला. हद्दीचा विषय मात्र "अभ्यास करून" या शेऱ्याखाली पुढे ढकलला गेला, आणि ज्यांनी ढकलला त्यांच्यापैकी कुणी खाडीत उतरत नाही. महाराष्ट्रात पंचायतींत महिलांना 50 टक्के जागा 2011 पासून आहेत. बायका त्या जागांवर बसल्या आहेत. शेजारची खुर्ची हलवणं अजून बाकी आहे, आणि ती शेजारी बसलेली बाईच हलवू शकते. त्या दिवशी सरपंच एकदाच सासऱ्यांच्या आधी बोलली, जीवरक्षकाच्या प्रशिक्षणावर. तो ठराव मंजूर झाला.

मी निघताना काकींनी गाडीजवळ गाठलं. पुढल्या निवडणुकीत वाडीतून उभं राहायचं म्हणत होत्या. आवाज मात्र खाली आला होता. "माका तीन पोरां आसत. चलात?"

चालतं, मी सांगितलं. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलांमुळे संख्या दोनपेक्षा जास्त झाली, तरच तो नियम आडवा येतो. त्यांचा धाकटा त्याच्या कितीतरी आधीचा. चौथी शिक्षणही चालतं, सातवी पासची अट 1995 पासून पुढे जन्मलेल्यांना आहे. घरी संडास आहे आणि वापरात आहे, याचा दाखला लागेल.

"तो आसा," काकी म्हणाल्या. "अजून काय लागात ता कागदार लिवून दी." बॉनेटवर वही ठेवून मी यादी लिहायला घेतली. सीआरपी म्हणाली, "मॅडम, दोन प्रती करा. मलाही हवी."