नवं बॉनेट, जुनी पिकअप

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं डेंटिंगचं शेड आहे. या भागात कास्टिंगपासून बुशपर्यंत काहीही बनवून मिळतं, त्यामुळं गिऱ्हाइकाला वाटतं, पत्रा म्हणजे काय, कापला की बसला. प्रयाग चिखलीचे एक दूधवाले मामा असेच आले. पिकअपच्या हौद्यात कॅनऐवजी बॉनेट आडवं घातलेलं, चंदेरी रंगाचं. गाडी पांढरी. कंपनीचं नाव सांगत नाही, पण रस्त्यावर दहा मिनिटं थांबलात तर तीच गाडी दिसेल.

"मिस्त्री, नव्या मॉडेलचं हाय, पर केबिन त्येच. बसतंय न्हवं?"

जुनं बॉनेट खरंच संपलं होतं. 2019 च्या पुरात गाडी काचेपर्यंत पाण्यात होती. इंजिन खोलून धुतलं, बॉनेटकडं कोण बघतंय? बॉनेट म्हणजे दोन पत्रे. वरचा गुळगुळीत, खाली सांगाडा, आणि कडेला वरचा पत्रा सांगाड्यावर दुमडलेला. त्या दुमडीत गाळ बसला की पाइप मारूनही निघत नाही. ओल धरतो आणि गंज आतून बाहेर येतो. रंगाला फुगे दिसायला लागतात तोवर कड गेलेली असते. पुरानंतर चिखली-आंबेवाडीकडच्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं.

बिजागरीची भोकं जुळली. मामा खूश. केबिनचा साचा तोच, म्हणून जुळली. पण बॉनेट खाली घेतलं तर जुन्या शोच्या, म्हणजे पुढच्या जाळीच्या, वर चार बोटं फट. नव्या मॉडेलचा शो उंच, लाइट मोठे.

"पुढनं कापा, आतनं एक सरळ अँगल मारा. उलट मजबूत हुईल."

इथं मी नाही म्हटलं. आतल्या सांगाड्यात काही ठिकाणी मुद्दाम कमजोर घड्या दिलेल्या असतात. समोरून धडक बसली की बॉनेट मधोमध दुमडून वर उठावं, सरळ मागं सरकून काचेतून केबिनमध्ये घुसू नये म्हणून. त्याच जागी अँगल मारला की बॉनेटचा सुळाच झाला. मामांना पटलं नाही, पण पोरगं सोबत होतं, त्याला पटलं. त्याला तसंही नवं तोंडच पाहिजे होतं.

मग भंगारवाल्याकडून शो, दोन्ही लाइट आणि लाइटमागचा पत्रा आणवला. लाइटची पिन बसली. जुन्यातही एच-फोर बल्ब, नव्यातही. पार्किंगची वायर तेवढी वेगळी ओढली.

खरा वेळ खाल्ला लॉकनं. लॉकमध्ये ग्रीस भरलं आणि बॉनेट हळू टेकवलं. वरचा हूक ग्रीसमध्ये उमटला तो लॉकच्या मध्यात नाही, बोटभर पुढं. तशातही ढकलून बंद होत होतं, मामा म्हणाले, "झालं की!" लॉकची पट्टी पुढं घेतली, भोकं लांबट केली, रबरी गुटके फिरवून उंची जुळवली. आता बंद झाल्याचा आवाज चांगला आला. पण आतून लिव्हर ओढल्यावर बॉनेट जे वर उडालं ते थेट माझ्या हातात आलं. म्हणजे दुसरा हूक, सेफ्टीचा, पकडतच नव्हता. पहिलं लॉक हायवेवर सुटलं तर बॉनेट अडवायला तोच एक असतो. नाहीतर वाऱ्यानं सगळं काचेवर, आणि पुढचा रस्ता दिसणं बंद.

"आवं दुधाची येळ झाली," मामांचं सुरूच. मी चावी खिशात टाकली.

सेफ्टी हूक वाकवून भागवायचा मोह होतो. वाकवलेला हूक पुन्हा सरळ होतो, म्हणून नव्या मॉडेलचा लॉक-हूक असा पूर्ण जोडच मागवला. तो बसवून लिव्हर ओढलं, पोराला दोन्ही हातांनी बॉनेट वर खेचायला लावलं. इंचभर उठून जाग्यावर अडकलं. मग मडगार्ड आणि बॉनेटवर खडूची एकच रेघ मारून शिरोलीपर्यंत गाडी पळवून आणली. रेघ तुटली नव्हती. लाइटचा झोत भिंतीवर धरून खाली घेतला.

रंगाला परत या म्हटलं, आणि पांढराच मारू, आर.सी.वर पांढरा आहे, पुरी गाडी चंदेरी करायची तर आर.टी.ओ.त नोंद लागेल. मामा "येतो की" म्हणाले. दूध मात्र अजून चंदेरी बॉनेटवरच जातंय.