भयकथा वाचताना भीती का वाटत नाही?

‘लोक भयकथांचं एवढं कौतुक करतात, मला मात्र वाचताना काहीच होत नाही. मजा आहे तरी कशात?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. बहुतेक वेळा कथा चांगलीच असते, पण वाचली जाते घाईत. भयकथेत लेखक निम्मंच काम करतो. उरलेलं वाचकाने करायचं, आणि सगळी गोडी त्यातच आहे.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची 1902 सालची ‘द मंकीज पॉ’ घ्या. (शेवट सांगणार आहे, तेव्हा हवं तर आधी कथा वाचून या.) माकडाचा वाळका पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो. म्हातारा 200 पौंड मागतो. दुसऱ्याच दिवशी मुलगा कामावर यंत्रात सापडून मरतो आणि कंपनी नेमके 200 पौंड देते. पुढे आई नवऱ्याला भाग पाडते, मुलगा परत मागून घेते. रात्री दारावर थाप पडते. खालचा अडसर निघतो, वरच्याला तिचा हात पुरत नाही, ती खुर्ची ओढते. म्हातारा अंधारात जमिनीवर पंजा चाचपडतो आहे. तो सापडतो, शेवटची इच्छा पुटपुटली जाते, थाप थांबते. दार उघडतं तर रस्ता रिकामा.

बाहेर कोण होतं, ते जेकब्स दाखवत नाहीत. पण थोडं आधी म्हातारा बायकोला सांगून गेलेला असतो, की मुलाला मी फक्त कपड्यांवरून ओळखलं. ते वाक्य निसटलं, की थाप ही नुसती थाप उरते. लक्षात राहिलं, तर दाराआडचा चेहरा तुमचा तुम्हीच रंगवता, आणि तसा चेहरा कुठल्याच लेखकाला रंगवता येणार नाही.

म्हणून सुरुवातीची पानं उडवू नका. या कथेत आधी शेकोटी आहे, बापलेकांचा बुद्धिबळाचा डाव आहे. ती ऊब अंगात भिनली नाही, तर पुढचा गारठा जाणवायचा कसा?

दहा-बारा पानांच्या कथेला सलग अर्धा तास द्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मधे उठलात तर साचलेला ताण ओसरतो, आणि परत आल्यावर तो लेखकाला पुन्हा उभा करता येत नाही. एका रात्री एकच कथा. लागोपाठ चार वाचल्या, की दुसरीपासूनच मन शेवट ताडायला लागतं.

कुणाला वाचून दाखवणार असाल तर आवाज घोगरा करू नका. सपाट, थोड्या खालच्या पट्टीत वाचा आणि शेवटच्या वाक्याआधी एक श्वास थांबा. केंब्रिजचे एम. आर. जेम्स नाताळात मित्रांना आपल्या भुतांच्या गोष्टी अशाच वाचून दाखवायचे.

मराठीत रत्नाकर मतकरींपासून सुरुवात करा, असं माझं मत. त्यांची माणसं आपल्या शेजारच्या ब्लॉकमधली वाटतात, त्यामुळे दार आपलंच आहे असं वाटायला वेळ लागत नाही. नारायण धारप त्यानंतर. तिथे अमानवी शक्तींचा पसारा मोठा आहे, त्याला थोडी सवय लागते.

कथा संपली की लगेच पान उलटू नका. अंगावर काटा नेमका कुठे आला ते आठवा, आणि मागे जाऊन त्याची तयारी करणारं वाक्य शोधा. बहुधा ते दोन-तीन पानं आधी सापडतं, अगदी साध्या बोलण्यात.