सरकलेला स्क्रू

क्लॅरिनेट, चेलो आणि प्रीपेअर्ड पियानो, म्हणजे तारांत स्क्रू, रबर अशा वस्तू अडकवून आवाज बदललेला पियानो. ड्रम्स नाहीत, लिहून आणलेलं जवळपास काही नाही. जिमी जुफ्री, पॉल ब्ले आणि स्टीव्ह स्वॉलो या जॅझ वादकांनी 1961-62 मध्ये ड्रम्सविना जी वाट पाडली, त्याच वाटेवरचं संगीत. तारांतले स्क्रू मात्र संगीतकार जॉन केजचे, 1940 पासूनचे. पियानो जुळवणं आणि वादकाने दिलेल्या तक्त्याप्रमाणे स्क्रू बसवणं हे माझं काम.

आधी जुळवणी, मग स्क्रू. उलट क्रम चालत नाही. मधल्या पट्टीत एका स्वराला तीन तारा. स्क्रू दुसरी आणि तिसरीच्या मध्ये. डावं पेडल दाबलं की तारेवर आदळणारा हॅमर सरकून पहिली तार चुकवतो आणि निव्वळ स्क्रूचा आवाज येतो. सोडलं की त्यात साधा स्वर मिसळतो. बसवताना उजव्या पेडलने डॅम्पर (तारा गप्प करणाऱ्या गाद्या) उचलून धरायचे, लाकडी पाचरीने तारा फाकवायच्या, डॅम्परपासूनचं अंतर पट्टीने मोजायचं. स्क्रू बारीक असेल तर गळतो, जाड असेल तर तारा ताणून स्वर चढवतो. खर्जाच्या तांब्याने मढवलेल्या तारांत लोखंड घालायचं नाही, तिथे रबर. तारांना उघडा हात लावायचा नाही, घामाने गंज चढतो. हे सांगूनही बोटं फिरवणारे वादक भेटतातच.

रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून कार्यक्रम सुरू होताना एसी बंद केला गेला. खुर्च्या मोजणारे पुष्कळ असतात, तापमान कोणी बघत नाही. दिव्यांच्या उष्णतेने तारा सैलावतात, पियानो उतरतो. क्लॅरिनेट उलट चढतं, आतली हवा एक अंश तापली की साधारण 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). दोघं एकमेकांपासून दूर जात राहतात.

त्यातच मधल्या ‘सी’च्या खालच्या ‘एफ’मधला स्क्रू सरकला. डावा हात तोच स्वर ठोकत होता, तारांची पकड ढिली झाली होती. बोटभर ब्रिजकडे, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीकडे, गेला. आधीचा स्वच्छ घंटानाद जाऊन घोगरा, दुहेरी, आट्यांच्या झणझणीसकट आवाज येऊ लागला. क्लॅरिनेटवाल्याने तो लगेच उचलला: ओठ सैल सोडून एकाच फुंकरीत दोन-तीन स्वर फोडले. चेलोचा बो घोडीजवळ गेला. पूर्वार्धातला सगळ्यात जिवंत भाग तोच.

मध्यंतरात आयोजक आले. “तेवढी खडखड काढून टाका.” मागून पियानोवादक: “त्याला हात लावू नका हं.” वीस मिनिटांत सगळा पियानो पुन्हा जुळत नाही, त्याला दीड-दोन तास लागतात. स्क्रू नसलेल्या वरच्या दोन सप्तकांत एकाच स्वराच्या ज्या तारा आपसात बेसूर झाल्या होत्या तेवढ्या मिळवल्या. स्क्रू शेजारच्या स्वराच्या तारेला टेकत नाही एवढं पाहिलं आणि तसाच ठेवला.

उत्तरार्धात तिघेही त्या ‘एफ’ची वाट बघत असल्यासारखे वाजवू लागले. दर दोन मिनिटांनी तोच स्वर, तीच फोड. मग स्क्रू तारांतून सुटून खालच्या लाकडी फळीवर, साउंडबोर्डवर पडला आणि ‘एफ’ साधा झाला. क्लॅरिनेट फोडलेल्या स्वरावर एकटंच अडकून राहिलं. लोकांनी टाळ्या तिथेच वाजवल्या, आणि पूर्वार्धातल्या त्या भागाला मात्र गप्प होते.

बसवताना एक माप जाड स्क्रू घेतला असता तर तो हललाच नसता. जुळवणी म्हणून ते चोख काम झालं असतं. आता त्या वादकाच्या तक्त्यात ‘एफ’समोर लिहिलेलं असतं: सैल. पण सैल बसवलेला पहिल्याच जोरदार स्वराला पडतो, आणि पकडीतला कधी सुटेल ते तारेच्या तापण्यावर. मी सध्या मधलं माप घालतो आणि एसीचं बटण कोणाकडे आहे ते विचारून ठेवतो.