उणे तीन म्हणजे मागे चाल!

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे समितीचे पत्र आले. लिहायला बसलो आणि सगळा कागद गणिताच्या सरांनीच व्यापला. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

सहावीत पूर्णांक सुरू झाले तेव्हाची गोष्ट. बेरीज जमत होती. चिन्हे सारखी असली की मिळवायचे. वेगळी असली की चिन्हे बाजूला ठेवून मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा आणि मोठ्याचे चिन्ह द्यायचे. अडले ते २ − (−३) पाशी. ‘वजा वजा अधिक’ असे घोकून घेऊन पुढचा धडा काढता आला असता. सरांनी वर्ग मैदानावर नेला, खेळाच्या खोलीतून फक्की आणवली आणि लांबलचक रेषा आखून मधोमध शून्य मांडले. पूर्वेला धन, पश्चिमेला ऋण. अधिक म्हटले की तोंड पूर्वेला, वजा म्हटले की पश्चिमेला. संख्या धन असेल तर पुढे चालायचे, ऋण असेल तर पाठमोरे मागे.

वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाला २ वर उभे केले. ‘‘वजा!’’ तो पश्चिमेला वळला. ‘‘उणे तीन म्हणजे मागे चाल!’’ पाठमोरा चालत तो थेट ५ वर पोचला. एकच गलका झाला. तेवढ्यात शिपाईमामा धावत आले, कारण स्पर्धांसाठी राखलेली फक्की संपली होती. सर म्हणाले, ‘‘मामा, माझ्या नावावर मांडा, ऋणच आहे.’’

त्याच वर्षी पाटणादेवीच्या सहलीत, आम्हाला डब्यांची घाई झालेली असताना, सरांनी पाटणचा शिलालेख सांगितला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता. मग बीजगणितातली ओळ म्हणून दाखवली : ‘स्वयोरस्वयोः स्वं वधः’. दोन धनांचा गुणाकार धन, दोन ऋणांचाही धनच. भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत, हेही तेव्हाच कळले. त्यांच्याही आधी, इ.स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने हे नियम लिहून ठेवले होते.

आज नाशिकजवळ माझे शीतगृह आहे. मटार उणे १८ अंशांवर ठेवतो. बाहेर ३२ असताना आतबाहेर फरक किती, असे कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला विचारतो. बहुतेक जण १४ म्हणतात. नियम त्यांना तोंडपाठ असतो, पण ३२ − (−१८) मांडायचे सुचत नाही. खरे उत्तर ५०, आणि विजेचे बिल त्या पन्नासाचे येते! मग मी गोदामाच्या फरशीवर खडूने रेषा ओढतो.

परवा शाळेत डोकावलो. मैदानाचा निम्मा भाग नव्या इमारतीने घेतला आहे, उरलेल्यावर सिमेंटचे ब्लॉक बसवले आहेत. धूळ उडत नाही हे खरे, पण आता तिथे फक्की कोण टाकणार? समितीला विनंती, ब्लॉकवर पक्क्या रंगाने संख्यारेषा काढून घ्या. रंगाचा खर्च माझ्याकडे. फक्त शून्याच्या पश्चिमेला दहा घरे तरी सोडा.